फिर्यादीशी तोंडओळख

वडनेरचे प्रभाकरराव पोहाणे आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही अशा मोटरसायकलपायी जिचं इंजिन जाम होतं. चालत्या गाडीसाठी बोलले असते तर निदान तिच्यावर बसून कुठे पळून तरी जाता आलं असतं. हा मुद्दा त्यांनी पुढे स्वतःशी पुष्कळदा मांडला, पण त्यातून काही समाधान मिळालं नाही.

गाडी लिलावातली होती. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला पटत नाही. कॅन घेऊन जाताना कोणी सापडला की त्याची गाडी जप्त होते, ठाण्याच्या आवारात उभी राहते, तिच्यावर वेल चढतात, आणि मग एका सकाळी सरकार तिचा लिलाव पुकारतं. त्यामुळे लिलावातली गाडी म्हटलं की ती कोणत्या धंद्यातली होती, हे लहान लेकरूही सांगतं. प्रभाकररावांचं बटनं, धागे आणि लेसचं दुकान. जुन्या स्कूटरने राम म्हटल्यापासून माल आणायची पंचाईत होती, म्हणून ते लिलाव नुसता पाहायला गेले होते. त्यांनी कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला आणि गाडी त्यांची झाली. लिलाव पुकारणाऱ्या साहेबांना ‘मी फक्त घाम पुसत होतो’ असं सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण साहेबांच्या मिशा पाहून ते परत गेलं.

खरी भीती घरी होती. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई महिला दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष. फिनेल भरून ठेवायलासुद्धा दारूची रिकामी बाटली ज्या घरात येऊ शकत नाही आणि खोकल्याच्या औषधाचंही आधी झाकण उघडून वास घेतला जातो, त्या घरापुढे टेम्पोतून ती गाडी उतरली. सुलोचनाबाई दारात आल्या.

“कोणाची हाय?”

“हिंगणघाटच्या एका रिटायर पोष्टमास्तराची,” प्रभाकरराव म्हणाले. “एका हातची.”

पोस्टमास्तरच का, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. घाबरलेल्या माणसाला बहुधा आधी सज्जन लोक आठवत असावेत. सुलोचनाबाईंनी मान डोलावली, ‘म्हणजे चांगल्या घरची हाय,’ म्हणाल्या आणि आत जाऊन हळदकुंकवाची वाटी घेऊन आल्या. नंबरप्लेट चिखलाने लिंपलेली होती; हेडलाइटला कुंकू लागलं. प्रभाकररावांनी हात जोडले, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

आठवड्याने ते गाडी नावावर करायला आरटीओच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाबूने इंजिनच्या नंबरवरून पेन्सिलने काढलेली छाप पाहिली, लिलावाचे कागद पाहिले, मग छाप पुन्हा पाहिली.

“पंचनाम्यात इंजिन नंबरचा एक आकडा चुकलाय. तीनचा आठ झालाय.”

“मग?”

“दुरुस्ती लागेल. पंच नाहीतर फिर्यादी, कोणालातरी घेऊन या. पंच आहेत नत्थूजी गॅरेजवाले. आणि फिर्यादी...” बाबूने चष्मा वर केला. “सौ. सुलोचना प्रभाकर पोहाणे, वडनेर. तुमच्याच गावच्या दिसतात. ओळखता का?”

लग्नाला एकतीस वर्षं झालेले प्रभाकरराव खिडकीचा गज धरून म्हणाले, “तोंडओळख आहे.”

परतीच्या एसटीत त्यांनी पंचनामा वाचून काढला. तीन वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ गावात सगळ्यांना पाठ होती. नत्थूजीच्या गॅरेजसमोर मंडळाच्या बायकांनी रस्ता अडवला होता. गाडीवाल्याने वेग वाढवला तेव्हा बाकीच्या बाजूला झाल्या, पण सुलोचनाबाईंनी मागचं कॅरिअर धरलं आणि पंधरा-वीस फूट फरपटत गेल्या तरी सोडलं नाही. शेवटी गाडी पडली आणि गाडीवाला शेतातून पळाला. तेव्हापासून त्यांचा उजवा गुडघा नीट वाकत नाही. गाडीवाला पुढे सापडला; कोर्टात त्याच्या वकिलाने दोन तास उलटतपासणी घेतली, आणि त्यांनी गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे प्रत्येक वेळी तस्सेच सांगितले. ज्या गाडीने बायकोला फरपटत नेलं ती प्रभाकररावांनी अंगणात आणली होती, आणि त्या बायकोने तिला कुंकू लावलं होतं. एसटीच्या खिडकीशी बसून त्यांना अगदी मनापासून लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, म्हणून घरी पोहोचताच त्यांनी आधी नंबरप्लेट काढली आणि मग कॅरिअर.

आता नत्थूजीकडे गाडी नेणं शक्यच नव्हतं. तो नुसता मेकॅनिक असता तर चाललं असतं, पण तो पंच होता. गावात दुसरा मेकॅनिक नव्हता. अशा रीतीने आयुष्यात शिलाई मशीनच्या पलीकडे न गेलेल्या प्रभाकररावांनी इंजिन घरीच उघडायचं ठरवलं.

मदतीला शेजारचे अण्णाजी धावले. अण्णाजी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यामुळे गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. वर्कशॉपमध्ये ते टायरांचं रजिस्टर लिहीत, ही गोष्ट इंजिनचं हेड निघून जमिनीवर आल्यानंतर त्यांच्या बोलण्यातून सहज बाहेर पडली. तोवर मागे फिरायला उशीर झाला होता.

“काऊन भेता, पोहाणेजी?” अण्णाजी म्हणाले. “इंजिन म्हंजे काय, एक डब्बा अन् एक बुच. बुच फसलं हाय. काढून घेऊ.”

बूच म्हणजे पिस्टन. तीन पावसाळे उघड्यावर खाल्ल्यामुळे तो गंजून सिलिंडरच्या ब्लॉकला आतून घट्ट धरून बसला होता. डिझेल ओतून झालं. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारून झाली. शेवटी ब्लॉक आणि पिस्टन जोडीनेच वर आले, आणि ते खालच्या दांड्यापासून सोडवताना पिस्टनच्या पिनेचा बारीक लॉक टिक् असा आवाज करून उडाला. दोघेही तसेच थिजले. “आत पडला असन तं इंजिनचा चुरा होईन,” अण्णाजी शांतपणे म्हणाले. प्रभाकररावांनी दोन रात्री छताकडे पाहत काढल्या. तिसऱ्या दिवशी लॉक अण्णाजींच्याच चपलेच्या तळाला रुतलेला सापडला. अण्णाजींनी ‘मी म्हटलंच होतं’ असं म्हटलं. काय म्हटलं होतं हे विचारायचं त्राण प्रभाकररावांत उरलेलं नव्हतं.

इकडे पोस्टमास्तर दिवसेंदिवस वाढत होता. सुलोचनाबाईंना त्याचं नाव हवं होतं, म्हणून तो बापूराव झाला. बापूरावाला बायको मिळाली, बायकोला मधुमेह मिळाला, आणि गाडी का विकली या प्रश्नामुळे खुद्द बापूरावाच्या गुडघ्यात दुखणं शिरलं. ते ऐकून सुलोचनाबाई हळहळल्या. “गुडघ्याचं दुखणं कसं असते ते मले माहीत हाय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डिंक-मेथीचे लाडू करून डबा नवऱ्याच्या हाती दिला. प्रभाकररावांनी हिंगणघाटच्या बसस्टँडवर बसून ते लाडू एकट्याने खाल्ले. लाडू कडू नव्हते, पण गिळताना डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर “बापूरावजीले आवडले का?” या प्रश्नाला त्यांनी “खूप” असं उत्तर दिलं, आणि पुढच्या आठवड्यात डबा मोठा झाला.

पिस्टन मात्र जागचा हलला नव्हता. तेव्हा अण्णाजींनी त्यांचा ठेवणीतला उपाय काढला.

“काळा गूळ.”

“गूळ?”

“गुळाच्या पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवा. जंग असा सुटते, पायतच राहान. आमच्या वर्कशॉपात सगळे नट असेच सोडवत.”

आता यात अण्णाजींची चूक नव्हती. गुळाच्या सडक्या पाण्याने गंज सुटतो, हे खरं आहे. प्रश्न एवढाच होता की दारूबंदीच्या जिल्ह्यात काळा गूळ, तोही पाच किलो, कोणी नट सोडवायला नेत नाही. दुकानदाराने गूळ तोलताना प्रभाकररावांकडे दोनदा पाहिलं आणि विचारलं, “घरी कार्यक्रम हाय का?” प्रभाकरराव म्हणाले, “पाहुणे येऊन राह्यले.” मग त्यांना वाटलं की यानेही संशय येईल, म्हणून त्यांनी पुढे जोडलं, “सगळे लहान लेकरं हाय.” दुकानदाराने जास्तच निरखून पाहिलं.

ड्रम ठेवला अण्णाजींच्या मोकळ्या प्लॉटवर, दोन्ही घरांमधल्या फुटक्या भिंतीला लागून, पोतं झाकून. ब्लॉक आत बुडवला. नंबरप्लेट लपवायला याहून चांगली जागा सापडणार नाही म्हणून तीही बुडवली. एप्रिलचं ऊन होतं. चौथ्या दिवशी पाण्याला फेस आला. पाचव्या दिवशी वास सुटला, आणि तो वास कसला होता हे प्रभाकररावांना माहीत नव्हतं, कारण ते निर्व्यसनी होते. सुलोचनाबाईही निर्व्यसनी होत्या, पण त्यांनी असे चाळीसेक ड्रम स्वतःच्या हातांनी फोडले होते.

सहाव्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, “अण्णाजी दारू गाळून राह्यले.”

प्रभाकररावांचा घास हातातच राहिला.

“मले दोन दिवसांपासून वास येऊन राह्यला. आज कमलाबाई सांगत होती का गल्लीतल्याच कोणीतरी पाच किलो काळा गूळ नेला. अण्णाजीवर माहा कधी भरोसा नव्हता. उद्या दहा वाजता धाड टाकतो. तुमी दुकानात जा, मधात येऊ नका. शेजारधर्म म्हणून तुमाले वाईट वाटन.”

त्या रात्री प्रभाकररावांना झोप लागली की नाही, हे वेगळं सांगायला नको. सकाळी सुलोचनाबाई बायका गोळा करायला बाहेर पडल्या, तसे ते भिंतीपलीकडे गेले. ड्रम हलवायचा होता, पण कुठे? विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं की साऱ्या वडनेरात झडती होणार नाही असं एकच घर आहे, आणि ते त्यांचं स्वतःचं. भीतीपोटी सुचलेली ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत हुशार कल्पना होती. अण्णाजींनी एक बाजू धरली, यांनी दुसरी. फुटक्या भिंतीतून ड्रम आत आला, अंगण ओलांडून मागच्या खोलीत, उघड्यानागड्या गाडीशेजारी जाऊन बसला. अण्णाजी घरी जाऊन पूजेला बसले. प्रभाकररावांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि फटीला डोळा लावला.

दहा वाजता सहा बायका प्लॉटवर शिरल्या. पुढे सुलोचनाबाई, हातात काठी, उजवा पाय जरा ओढत. मंडळाच्या उपाध्यक्ष कमलाबाई त्यांच्या बाजूला. प्लॉटवर ड्रम नव्हता. जमिनीवर ओला गोल डाग होता आणि वास होता.

“कोणीतरी खबर देल्ली,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “हलवला.”

मग कमलाबाई खाली वाकल्या. पोहाणेजी आणि अण्णाजी या दोघांनाही कधी कशाचं वजन नीट उचलता आलं नव्हतं, त्यामुळे ड्रम सगळ्या वाटेने हिंदकळत गेला होता. सांडलेल्या गुळावर मुंगळे लागले होते. प्लॉटवरून निघालेली त्यांची काळी रांग शिस्तीत भिंतीकडे चालली होती. बायका रांगेच्या मागे निघाल्या. रांग भिंतीच्या भगदाडातून पलीकडे गेली, बायकाही गेल्या. तुळशीला वळसा घालून रांग मागच्या खोलीकडे वळली, तेव्हा कमलाबाई थांबल्या.

“ताई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मुंगळे तं तुमच्याच घरात चालले.”

सुलोचनाबाईंनी काठीने दार ढकललं. दाराला टेकून उभे असलेले प्रभाकरराव दोन पावलं मागे गेले आणि ड्रमला अडले. सहा बायका, एक ड्रम, एक सांगाडा झालेली गाडी आणि एक बटनांचा व्यापारी, अशी ती खोली गच्च भरली.

“भाऊजी,” कमलाबाई म्हणाल्या, “हे काय हाय?”

सुलोचनाबाईंनी बाही वर केली आणि ड्रममध्ये हात घातला. आधी ब्लॉक बाहेर आला. आठ दिवस नाही, सहाच दिवस झाले होते, पण उचलताच त्यातून पिस्टन सुटला आणि अलगद जमिनीवर पडला. दुसरी कोणतीही वेळ असती तर प्रभाकररावांना आनंद झाला असता. सुलोचनाबाईंनी पुन्हा हात घातला आणि नंबरप्लेट बाहेर काढली. पदराने पुसली. शेवटचे चार आकडे पाहिले. मग गाडीकडे पाहिलं, कॅरिअरच्या जागी उरलेल्या चार रिकाम्या भोकांकडे पाहिलं, आणि त्यांचा हात नकळत उजव्या गुडघ्यावर गेला.

“ही तं तेच गाडी हाय,” कमलाबाई म्हणाल्या. “तुमाले फरपटत नेल्लं ते.”

बायका अध्यक्षांकडे पाहत होत्या. प्रभाकररावांना स्पष्ट दिसत होतं की पुढच्या क्षणी या बाईची दहा वर्षांची मेहनत आणि गावातला तिचा शब्द त्यांच्या एका खोट्यापायी मातीला मिळणार आहे. लोक म्हणतील, अध्यक्षांचाच नवरा दारूच्या गाडीवर फिरतो.

“हो, तेच हाय,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “म्याच घ्यायले सांगतली. मंडळाच्या कामाले गाडी पाहिजे होती. दुरुस्त झाल्यावर तुमाले सांगणार होती. मले सगळं माहीत होतं.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकेक करून बाहेर पडल्या. अंगणात मुंगळ्यांवरून पाय उचलून टाकत गेल्या.

त्या दिवशी सुलोचनाबाई ओरडल्या नाहीत, आणि प्रभाकररावांना तेच सोसेना. संध्याकाळी ताट वाढताना त्यांनी एवढंच विचारलं, “बापूरावजी हाय का नाई?”

“नाई.”

“लाडू?”

“मी खाल्ले.”

त्या गुडघ्याला तेल चोळत बसल्या. प्रभाकररावांना म्हणावंसं वाटलं की तेल मी लावून देतो, पण तेवढीही हिंमत झाली नाही.

सकाळी प्रभाकररावांनी स्वतः जाऊन नत्थूजीला बोलावून आणलं. आता लपवायचं काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे मेकॅनिक चालत होता. नत्थूजीने पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या, घरी कापलेलं पुठ्ठ्याचं पॅकिंग दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं, आणि दुपारी तीनच्या आत इंजिन चालू करून दिलं. तो हसला नाही, हे प्रभाकररावांना फार लागलं. हसला असता तर त्यांना रागावता आलं असतं.

इंजिनचा आवाज ऐकून सुलोचनाबाई चपला घालून बाहेर आल्या.

“चला.”

“कुठं?”

“कमलाबाईकडे. मंग बाकीच्या चौघीईकडे. कोर्टात वकिलानं दोन तास घोळसलं मले, एक शब्द खोटा बोलली नाई. काल माह्याच घरात, माह्याच बायाईसमोर बोलली. रातभर डोळा लागला नाई. सांगून टाकतो अन् राजीनामा देतो.”

“मी त्याईच्या घरी येऊ?” प्रभाकररावांनी विचारलं.

“गाडी कोण चालवन?”

कमलाबाई दारातच गहू निवडत बसल्या होत्या. गाडी थांबली. सुलोचनाबाई गुडघा सावरत उतरण्याआधी प्रभाकरराव उतरले. सगळी वाट त्यांनी वाक्य जुळवलं होतं. ते ऐनवेळी विसरले, म्हणून होतं तसं बोलले.

“कमलाबाई, काल हे खोटं बोलली ते माह्यापायी. हिले काहीच माहीत नव्हतं. गाडी मी आणली. पोष्टमास्तराची हाय म्हणून सांगतली. मले भेव वाटलं म्हणून.”

“मले मालूम हाय,” कमलाबाई सुपातले खडे बाजूला टाकत म्हणाल्या.

“काय?”

“ताई ‘मले सगळं माहीत होतं’ म्हणून राह्यल्या होत्या, अन् तुमी मागं उभे राहून नाई, नाई अशी मान हलवून राह्यले होते. सगळ्याईनं पाह्यलं.”

प्रभाकररावांना आपण मान हलवल्याचं आठवेना. पण ती हलली असणार, यात त्यांना शंका वाटली नाही.

“मंग काल बोलली काऊन नाई तू?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“काय बोलू, ताई? दहा वर्षांत तुमी पयल्यांदा खोटं बोलून राह्यल्या होत्या, अन् तेबी नीट जमून राह्यलं नव्हतं. मधात टोकणं बरं दिसते का?” कमलाबाईंनी सूप खाली ठेवलं. “राजीनामा मले देऊ नका. मले अध्यक्ष व्हायचं नाई, भाषण द्यावं लागते. गाडी मात्र खरंच पाहिजे. परवा गिरडच्या रोडले जायचं हाय. ऑटोवाला माल पकडायले जायचं म्हटलं का येतच नाई.”

“चालवन कोण?” प्रभाकररावांनी विचारलं, आणि विचारताक्षणीच आपण हे विचारायला नको होतं हे त्यांना समजलं. दोघी त्यांच्याकडे पाहत होत्या.

सुलोचनाबाई मागे बसल्या. प्रभाकररावांनी किक मारायला पाय ठेवला, पण पाय दोनदा घसरला. मागून खांद्यावर हात आला.

“भेव वाटते का?”

“हो,” प्रभाकरराव म्हणाले.

“मलेबी वाटते,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “दरखेपी वाटते. त्या दिवशी कॅरिअर धरलं तवा तं हात सोडायचंच सुचलं नाई, एवढं भेव वाटलं.”

एकतीस वर्षांत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. एक पाय किकवर ठेवून त्यांनी मागे वळून पाहिलं.

“चला,” मागून आवाज आला. “अजून चार घरं हाय.”